दीर्घिकांची वर्गवारी

कापसाची गाडी बाजारात आली की पारखी चिमूटभर कापूस ओढून पाहतो. धागा किती लांब, कवडी किती, ओल किती, आणि भाव ठरतो. यवतमाळात हे कुणास नवे नाही. त्या एका चिमटीवर शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून असते. म्हणून वर्गवारी हा शब्द ऐकला की आम्ही चळवळीतले लोक प्रथम विचारतो, पारखणारा कोण आणि त्याची नजर सरळ आहे काय? हाच प्रश्न आज आकाशाला विचारावयाचा आहे.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. आपली आकाशगंगा त्यांपैकीच एक. एडविन हबल याने १९२६ साली त्यांची आकारावरून विभागणी केली. काही लंबवर्तुळाकार, गुळगुळीत, काही सर्पिल, भोवऱ्यातल्या पाण्यासारख्या वळलेल्या भुजांच्या, त्यांतल्या कित्येकींच्या मध्यातून आडवा दांडा गेलेला, उरलेल्या अनियमित. (हबलने अंतर मोजले ते ज्या नियमाने, तो हेन्रिएटा लेविट या बाईंनी हार्वर्डच्या वेधशाळेत शोधला. त्यांस तासाला तीस सेंट मजुरी मिळे. असो.)

आकारावरून दीर्घिकेचे पूर्वायुष्य कळते. सर्पिल भुजांत वायू शिल्लक असतो, नवे तारे जन्मतात, म्हणून त्या निळसर दिसतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत वायू बहुधा सरलेला असतो; तारे जुने, रंग तांबूस. मग रंगावरूनच वर्ग का ठरवू नये? कारण तांबड्या सर्पिल दीर्घिकाही असतात, आणि निळ्या लंबवर्तुळाकारही. नेमक्या ह्याच अपवादांत शिकण्यासारखे असते, आणि रंगाची चाळणी त्यांनाच चुकीच्या ढिगात टाकते.

स्लोन सर्वेक्षणाने सुमारे नऊ लाख दीर्घिकांची छायाचित्रे हाती दिली, तेव्हा ती पाहणार कोण? २००७ साली ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी ‘गॅलक्सी झू’ नावाने हे काम सर्वांस खुले केले. वर्षभरात दीड लाखांवर माणसांनी पाच कोटींहून अधिक वेळा निवाडा दिला. एकच चित्र अनेकांनी पाहावयाचे, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याने झाकली जाते.

पण सर्वांची चूक एकाच बाजूला असली तर? डावीकडे फिरणाऱ्या दीर्घिका उजवीकडच्यांपेक्षा जास्त भरल्या. विश्वालाच डावे वळण आहे की काय! तेव्हा तीच चित्रे आरशातल्यासारखी उलटी करून दाखविली. तरीही लोक डावेच जास्त सांगू लागले. दोष आकाशाचा नव्हता, डोळ्यांचा होता. पारख्याचीही अशी परीक्षा घेता येते, हे आम्हांस फार मोलाचे वाटले.

आता चिलीतील रुबिन वेधशाळेकडून दहा वर्षांत सुमारे दोन हजार कोटी दीर्घिका टिपल्या जातील अशी अपेक्षा आहे. तेथे माणसांची फौज पुरणार नाही, यंत्र लागेलच. यंत्राने हात रिकामे केलेले आम्ही पाहिले आहेत, तरी येथे आमची तक्रार नाही. मात्र ते यंत्र लोकांनी केलेल्या निवाड्यांवरूनच शिकते. म्हणजे आरशाची परीक्षा त्यासही हवी.

आणि डोळा अजून निवृत्त झालेला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेब दुर्बिणीच्या चित्रांतील सुमारे ७०,००० वस्तू चाळल्या. त्यांत एक सुरेख द्विभुज सर्पिल दीर्घिका सापडली. तिचे नाव त्यांनी अलकनंदा ठेवले, आणि २०२५ साली ही वार्ता प्रसिद्ध झाली. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय अवघे दीड अब्ज वर्षे होते. इतक्या कोवळ्या काळात दीर्घिका ओबडधोबड असावयाच्या, असा समज होता. तिची तबकडी शांतपणे फिरते की खवळलेली आहे, हे तिच्या प्रकाशाचे पृथक्करण झाल्यावर कळेल. त्यावरून ह्या भुजा कशा उमटल्या त्याचा माग लागेल.