सुश्रुतोक्त शवशोधन व देहदान

मरणोत्तर आपलें शरीर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस अध्ययनार्थ देणें ही चाल आपल्या प्राचीन ग्रंथांत सांगितली आहे, असें हल्लीं वारंवार ऐकूं येतें. आधारादाखल सुश्रुत व दधीचि यांचीं नांवें घेतलीं जातात. आधार जेवढा असेल तेवढाच सांगावा हा संशोधनाचा पहिला दंडक. शिवाय आम्हीं स्वतः असें दानपत्र भरून दिलें आहे. म्हणून मूळ पाहणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

हा विषय सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांतील पांचव्या अध्यायाच्या शेवटीं आला आहे. शव सर्वावयवयुक्त असावें. विषानें, दीर्घ व्याधीनें अथवा शंभर वर्षांच्या जरेनें मेलेल्याचें नसावें. आंतड्यांतील मळ काढून, तें मुंज, वल्कल, कुश किंवा ताग यांनीं वेष्टून पिंजऱ्यांत घालावें व वाहत्या नदींत आडजागीं ठेवावें. सात रात्रींनंतर चांगलें कुजलेलें तें शरीर काढून वाळा, केस, वेळू इत्यादिकांच्या कुंच्यानें हळूहळू घासावें आणि त्वचेपासून आंतील एकेक अंग डोळ्यांनीं पाहावें. शास्त्रानें कळलेलें व प्रत्यक्ष पाहिलेलें, या दोहोंच्या मेळानेंच ज्ञान वाढतें, असें ग्रंथकाराचें मत आहे.

येथें शस्त्रानें छेदन नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. तसेंच शव कोणाचें व तें कोणीं दिलें, याविषयीं या स्थळीं एक अक्षरही नाहीं. दधीचीच्या अस्थींचा उल्लेख ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांत आहे, व त्यानें स्वेच्छेनें देह टाकल्याची कथा महाभारतांत व भागवतांत आहे. परंतु तें दान वज्रासाठीं होतें, विद्येसाठीं नव्हे. तात्पर्य, शवाच्या अवलोकनास प्राचीन आधार आहे. दानाचा संकल्प मात्र अर्वाचीन आहे. तेवढ्यानें त्याची योग्यता उणी होत नाहीं.

पोथी व प्रेत यांची गांठ पुढें एकाच पुरुषाच्या हातून पडली. इ. स. १८३५-३६ मध्यें सुश्रुतसंहिता कलकत्त्यास छापून काढणारे पंडित मधुसूदन गुप्त यांनींच १८३६ मध्यें तेथील नव्या वैद्यकीय महाविद्यालयांत स्वहस्तें शवच्छेदन केलें. मुंबईस १८४५ मध्यें ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें. त्याच्या पहिल्या पदवीधरांत, १८५१ मध्यें, आपल्या वाचकांस शिलालेखांमुळें परिचित असलेले डॉ. भाऊ दाजी होते. १८३२ च्या इंग्लंडांतील कायद्याप्रमाणेंच मुंबई इलाख्याच्या १९४९ च्या कायद्याचाही मूळ रोख बेवारस प्रेतांवर होता. पुढील सुधारणांनीं त्यांत दान केलेल्या देहांचाही समावेश झाला. अर्थात् दीर्घकाळ हें शिक्षण निराधारांच्या देहांवर चाललें. ज्यांस कोणी विचारिलें नाहीं त्यांचें हें ऋण आहे, व तें जाणूनबुजून दिलेल्या देहांनींच फिटेल.

और्ध्वदेहिकाची शंका राहते. देह न मिळाल्यास पळसाच्या ३६० देठांची प्रतिकृति करून तिचा दाह करावा, असा विधि धर्मग्रंथांत आहे. ३६० हीच वेदवादी मानितात ती अस्थिसंख्या. शल्यतंत्राच्या मतें ती ३०० आहे, असें सुश्रुत सांगतो. दांत व तरुणास्थि धरल्यामुळें त्याची गणना मोठी झाली. आजच्या गणनेनें प्रौढ देहांत २०६ अस्थि असतात. हा विधि मूळचा हरवलेल्या अथवा परदेशीं मेलेल्या माणसासाठीं आहे. तो येथें लागू करावा कीं नाहीं, हें ज्याच्या त्याच्या घरानें ठरवावें. आमच्या घरीं मात्र हा भाग वाचून दाखविल्यावरच कुटुंबाचा होकार मिळाला.

आजही पूर्वपरीक्षा आहेच. न्यायवैद्यकीय चौकशीसाठीं फाडलेलें, किंवा कित्येक सांसर्गिक रोगांनीं मेलेल्याचें शरीर महाविद्यालयें सामान्यतः घेत नाहींत. नेत्रदान केलेलें घेतात. डोळे मात्र सहा तासांच्या आंत काढावे लागतात. नदीचें काम आतां फॉर्मॅलिन करतें. परंतु देह लवकर पोंचला पाहिजे, आणि तो पोंचविणें आप्तांच्याच हातीं असतें. मृत्युपत्रांत लिहून भागत नाहीं, कारण तें बहुधा दहनानंतर उघडतें. आमच्या एका पोथीसंग्राहक स्नेह्यांनीं आपलें दानपत्र पोथीच्या बासनांत बांधून ठेविलें होतें. तें मुलांच्या हातीं लागलें अकराव्या दिवशीं.

ज्या संग्रहाची यादी घरांत कोणास ठाऊक नसते, तो धनी गेल्यावर रद्दींत जातो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पोथ्यांची यादी व देहाचें पत्र हीं दोन्ही आम्हीं चिरंजीवांच्या हातीं दिलीं आहेत. संग्राहकांनीं आपापल्या घरीं तसें करावें, इतकीच विनंति.