राणीची बाग आणि तिचे राखणदार

नरोलीच्या रहिवाशाला वन्य जनावर पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. दमणगंगा ओलांडून सिल्वासा गाठावे आणि तेथून खानवेलचा रस्ता धरावा, म्हणजे वासोण्याचे सिंह आणि सातमालियाची सांबरे-चितळे तासाभराच्या आत दृष्टीस पडतात. असे असूनही, ज्या मराठी कुटुंबांची नातीगोती लालबाग, परळ आणि भायखळा येथील चाळींत गुंतलेली आहेत, त्यांच्या लेखी जनावरांची बाग म्हणजे मुंबईची राणीची बाग हेच समीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. भिलाडहून गाडी धरून उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईस जावे, आत्याच्या किंवा मामाच्या घरी मुक्काम करावा आणि एक दिवस भायखळ्याच्या बागेत काढावा, हा शिरस्ता या सीमाभागातही रूढ होता. त्या बागेच्या गेल्या सुमारे वीस वर्षांचा वृत्तान्त आज पुनः चाळावासा वाटतो, तो केवळ स्मरणरंजनासाठी नव्हे. एका सार्वजनिक उद्यानाचे रक्षण कोण करतो आणि कोणत्या उपायांनी करतो, या प्रश्नाचे उत्तर त्या वृत्तान्तात आहे, आणि ते उत्तर नगर हवेलीच्या आम्हां रहिवाशांच्या उपयोगाचे आहे.

या बागेचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगितल्यावाचून पुढील कथेचे मर्म कळणार नाही. ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेची मूळ बाग शिवडीस होती; ती जागा दफनभूमीकडे गेली आणि माझगाव-भायखळ्याच्या परिसरात नव्या उद्यानाची तजवीज झाली. डॉ. जॉर्ज बर्डवूड यांच्यासारखा वनस्पतींचा मर्मज्ञ आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा विद्याव्यासंगी धन्वंतरी यांचा या उद्योगाशी निकट संबंध होता. 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’चे उद्घाटन झाले आणि 1873 साली बागेचा कारभार नगरपालिकेच्या स्वाधीन करण्यात आला. जनावरांचा विभाग या उद्यानास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोडला गेला. म्हणजे ही भूमी प्रथम वृक्षांची होती. वाघ-सिंह तेथे मागाहून पाहुणे म्हणून आले. स्वातंत्र्यानंतर बागेस वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी राणीची बाग हेच नाव टिकले. घारापुरीच्या लेण्यांपाशी असलेला जो पाषाणाचा हत्ती इंग्लंडास नेण्याच्या प्रयत्नात भंगला, त्याचे तुकडेही अखेर याच बागेच्या आश्रयास आले आणि 1914 साली ते पुनः सांधले गेले. 1965 साली ‘काळा घोडा’ हा पुतळाही येथेच आणून उभा करण्यात आला. शहराने जे जे जागेवरून हलविले त्यास आसरा देण्याचे काम या बागेने मुकाट्याने केले.

आपल्या मागोव्याचा खरा आरंभ होतो तो 2007 सालापासून. या बागेचे आंतरराष्ट्रीय धर्तीच्या प्राणिसंग्रहालयात रूपांतर करावे, असा बेत मुंबई महानगरपालिकेने त्या सुमारास आखला. थायलंडमधील एका सल्लागार संस्थेकडून आराखडा करविला गेला आणि खर्चाचा अंदाज 433 कोटी रुपयांच्या घरात गेला. जुने, अरुंद आणि सिमेंटचे पिंजरे बदलणे अगत्याचे होते, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. त्या पिंजऱ्यांत येरझारा घालणारे जनावर ज्याने पाहिले असेल, तो सुधारणेस विरोध करणार नाही. परंतु या भव्य आराखड्यात शतकाहून अधिक वयाच्या झाडांचे काय होणार, हा प्रश्न ज्यांच्या मनात उठला ती माणसे पुढारी नव्हती, ठेकेदार नव्हती, की वृत्तपत्रांतून नित्य झळकणारीही नव्हती. त्यांत पुष्कळशा स्त्रिया होत्या. शुभदा निखार्गे, हुतोक्षी रुस्तमफ्राम आदींनी मिळून बागेच्या बचावासाठी एक समिती उभी केली आणि वृक्षांच्या वतीने कचेऱ्यांची पायरी चढण्यास प्रारंभ केला.

त्यांची कार्यपद्धती तपशिलाने पाहण्याजोगी आहे. मोर्चे आणि घोषणा यांहून त्यांचा भर दोन गोष्टींवर राहिला. पहिली गोष्ट मोजदादीची. या बागेत 286 जातींचे 3213 वृक्ष आहेत, हा आकडा त्या वादात पुनःपुन्हा उच्चारला गेला, आणि त्याचे सामर्थ्य असे की, ‘झाडे तोडू नका’ या भावनेस कोणी हसून बाजूला सारू शकतो, परंतु नाव, जात आणि ठिकाण यांसह दप्तरी दाखल झालेल्या वृक्षास सहजासहजी दूर लोटता येत नाही. दुसरी गोष्ट वृक्षदर्शनाच्या फेऱ्यांची. जाणकार मंडळी विद्यार्थ्यांना, गृहिणींना, निवृत्त वृद्धांना घेऊन बागेत हिंडत आणि एकेका झाडापाशी थांबून त्याचे कुलशील सांगत. ब्रह्मदेशातून आलेली आणि बहरात आली असता झुंबरांनी लगडल्यासारखी दिसणारी उर्वशी. नागफणीच्या छायेतील शिवलिंगाचा भास देणाऱ्या फुलांचा, खोडालाच तोफगोळ्यांसारखी फळे धरणारा कैलासपती. आफ्रिकेतून अरबी व्यापाराच्या वाटेने आपल्या किनाऱ्यावर आला असे मानतात तो, अजस्र बुंध्याचा गोरखचिंच. यांची ओळख ज्यास एकवार झाली, तो त्या झाडाच्या मरणाविषयी उदासीन राहू शकत नाही. उन्हाळ्यात उघड्या फांद्यांवर लोंबकळणारी वटवाघळांची वसाहत आणि उंच शेंड्यांवर घरटी करणारे रातबगळे हे या बागेचे खरे मुक्त रहिवासी. त्यांना कोणी पिंजऱ्यात आणून ठेवले नव्हते, झाडे होती म्हणून ते आपण होऊन आले. प्राणिसंग्रहालयातील झाडांचे रक्षण हेही प्राण्यांचेच रक्षण होय, हे सत्य या फेऱ्यांतून जितके लोकांच्या गळी उतरले, तितके कोणत्याही जाहीरनाम्यातून उतरले नसते.

परिणाम असा झाला की, वारसा संवर्धन समितीने मूळ आराखड्यास मंजुरी दिली नाही. तो आवरता घ्यावा लागला आणि खर्चाचा अंदाज बराच खाली आणावा लागला. 2012 साली बागेस दीडशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा याच मंडळींनी तिच्या वृक्षसंपदेवर ग्रंथ सिद्ध केला. एका सार्वजनिक बागेवर नागरिकांनी स्वतःच्या श्रमाने असा ग्रंथ लिहावा, हे मला त्या काळातील मुंबईच्या नागर जीवनाचे एक अभिमानास्पद लक्षण वाटते. बागेच्याच प्रवेशद्वारापाशी असलेले जुने व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालय, जे 1975 पासून भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते, त्याचाही जीर्णोद्धार महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने पार पडला व त्यास 2005 साली युनेस्कोचे पारितोषिक लाभले. पालिकेचा कारभार आणि नागरिकांची आस्था यांचा मेळ बसला म्हणजे काय साधते, याचे ते शेजारचेच उदाहरण होय.

जनावरांकडे पाहण्याची दृष्टीही कायद्याने बदलत गेली. 1992 साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि पिंजऱ्याची लांबी-रुंदी, औषधोपचार, आहार या सर्वांस नियमांची चौकट आली. नोव्हेंबर 2009 मध्ये प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवण्यासच मनाई केली. राणीच्या बागेतील हत्तीवरची रपेट ही ज्यांच्या बालपणाची ठेव आहे, त्यांना हा बदल रुखरुख लावणारा वाटला असेल. परंतु जो प्राणी अरण्यात आपल्या कुटुंबासह मैलोन्‌मैल चालतो, त्यास दगडी अंगणात साखळीने बांधून मुलांची हौस पुरविण्याचा अधिकार आपणांस नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

मग आले पेंग्विन. 26 जुलै 2016 रोजी दक्षिण कोरियातील सोल येथून हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन मुंबईत उतरले. त्यांपैकी एक मादी त्याच वर्षी ऑक्टोबरात दगावली आणि शहरात मोठे वादंग माजले. मार्च 2017 मध्ये शीतगृहाचे दालन लोकांस खुले झाले, तेव्हा लोटलेली गर्दी पाहून टीकाकारही स्तिमित झाले. 15 ऑगस्ट 2018 रोजी भारतात पेंग्विनचे पहिले पिल्लू येथे जन्मले. ते आठवडाभरच जगले, तथापि पुढे येथे पिल्ले वाढू लागली. दालनाची शीतयंत्रणा, पाण्याचे गाळण, पशुवैद्यांची देखरेख या बाबतीत बागेच्या कर्मचाऱ्यांनी जे कौशल्य संपादन केले ते खरोखर स्पृहणीय आहे. तरीही पेरू-चिलीच्या सागरतीरावरील पक्ष्यास मुंबईच्या दमट हवेत यंत्रांच्या बळावर जगविणे, यास संरक्षण म्हणावे की कौतुक, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आणि मला विचाराल तर मी त्यास कौतुकच म्हणेन. याच पेंग्विनांच्या निमित्ताने 1 ऑगस्ट 2017 पासून बागेचे प्रवेशशुल्क 5 रुपयांवरून 50 रुपये झाले. आईबाप व दोन मुले अशा कुटुंबास 100 रुपयांत प्रवेशाची सवलत ठेवण्यात आली. उत्पन्न वाढले, गर्दीही वाढली. परंतु परळच्या गिरणगावातील ज्या माणसाची रविवारची एकुलती एक चैन ही बाग होती, त्याच्या खिशास ही वाढ जाचली, हेही या मागोव्यात नोंदविले पाहिजे. सार्वजनिक बागेचा दरवाजा गरिबास जड होता कामा नये.

फेब्रुवारी 2020 मध्ये, ज्या शहरास तेव्हा औरंगाबाद म्हणत, तेथील सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये करिश्मास झालेल्या बछडीचे नाव वीरा ठेवण्यात आले. कित्येक वर्षे वाघाविना सुन्या राहिलेल्या बागेत हा आनंदाचा प्रसंग होता. दरवर्षी थंडीच्या अखेरीस येथे भरणारे फुले, फळे, भाज्या आणि कुंड्यांतील रोपे यांचे प्रदर्शनही याच आवारात लोकांची रीघ लावते. माझ्या मते बागेच्या मूळ स्वभावास शोभणारा सोहळा हाच होय, कारण त्यात पाहणारा केवळ पाहणारा राहत नाही. तो घरी जाऊन गच्चीत मिरचीचे रोप लावतो.

प्राणिसंग्रहालयाचे जे श्रेष्ठ प्रयोजन, म्हणजे नष्टप्राय जातींस वंशसातत्य देणे, त्याचे उत्तम उदाहरण पाहावयाचे तर दृष्टी पश्चिमेकडे वळवावी लागते. राणीच्या बागेनंतर एकाच वर्षाने, 1863 साली, जुनागढच्या नबाबाच्या अमलात स्थापन झालेल्या सक्करबागेत गीरच्या सिंहांचे प्रजनन दीर्घकाळ पद्धतशीरपणे चालत आले आहे, आणि 2020 च्या गणनेत 674 असलेली गीर परिसरातील सिंहांची संख्या 2025 साली 891 वर गेली. त्या वाढीचे श्रेय मुख्यतः अरण्याच्या रक्षणास आणि तेथील मालधारी-शेतकऱ्यांच्या सहिष्णुतेस आहे, पण बंदिस्त सिंहांचा सांभाळलेला वंश हा संकटकाळचा साठा आहे. पुण्याची कथा निराळ्या अंगाने बोधप्रद आहे. नरोली 28 जुलै 1954 रोजी पोर्तुगीजांच्या अमलातून मुक्त झाली, त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात पेशवे उद्यान सुरू झाले होते; पुढे तेथील जनावरे कात्रजच्या प्रशस्त उद्यानात गेली. त्या कात्रजचा पाया घातला तो सर्पोद्यानाने, आणि सर्पोद्यानाचे जनक नीलिमकुमार खैरे यांनी 1980 साली 72 सापांच्या सहवासात 72 तास राहून लोकांच्या मनातील सापाविषयीचे भय हटविण्याचा धाडसी प्रयोग केला होता. आधी लोकांचे मन वळले, मग संस्था उभी राहिली.

हा सर्व वृत्तान्त नरोलीत बसून लिहिताना वासोण्याचा आणि सातमालियाचा विचार मनात येणे अपरिहार्य आहे. 2000 साली सुमारे 92 चौरस किलोमीटरचे अभयारण्य या प्रदेशास लाभले. त्याच वनपट्ट्यात सिंहदर्शनाचे उद्यान आणि मृगोद्यान आहे, आणि सभोवार साग, खैर, शिसव, मोह यांचे अजूनही पुष्कळसे शाबूत असलेले वन आहे. आमच्याकडे येणारा पर्यटक जाळीच्या गाडीत बसतो, सिंह दिसला तर छायाचित्र घेतो आणि परत फिरतो. त्यास कोणी त्या रानाचे नाव सांगत नाही. वास्तविक मोहाची फुले केव्हा गळतात, कोणत्या सालीचा काढा कशावर देतात, पावसाच्या तोंडी कोणता पक्षी ओरडतो, हे सांगणारी वारली, कोकणा आणि धोडिया माणसे याच रानाच्या काठी राहतात. मुंबईच्या समितीस जे ज्ञान ग्रंथांतून आणि वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून मिळवावे लागले, ते येथे घराघरांत वडिलोपार्जित आहे.

म्हणून प्रशासनास आणि वनखात्यास माझी विनंती एवढीच आहे: सातमालियाच्या आवारात महिन्यातून एक रविवार मुक्रर करावा, त्या दिवशी प्रवेशशुल्क माफ असावे, आणि गावागावांतील जाणत्या वृद्धांस योग्य मानधन देऊन त्यांच्या पाठोपाठ शाळेच्या मुलांना रानात हिंडवावे, बोली ज्यांची जी असेल ती, वारली, गुजराती वा मराठी. झाडांची मोजदाद त्याच मुलांच्या हातून करवून ती दप्तरी दाखल करावी. आणि नरोली, सिल्वासा, खानवेल येथील वाचकांस सांगणे असे की, हुकूम निघण्याची वाट न पाहता पुढील रविवारी चार शेजारी मिळून खानवेलच्या रस्त्याला लागावे आणि बरोबर एखाद्या जाणत्या माणसास घ्यावे.