ब्रिटनचा हुजूर पक्ष, १९५१ ते १९६४ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑक्टोबर १९५१ ते ऑक्टोबर १९६४ अशी सलग तेरा वर्षे ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाची सत्ता होती. चर्चिल, ईडन, मॅकमिलन आणि डग्लस-होम असे चार पंतप्रधान या काळात झाले. ‘वाया गेलेली तेरा वर्षे’ ही मजूर पक्षाची घोषणा या कारकिर्दीला इतकी घट्ट चिकटली, की तिच्यावरचे बरेचसे आक्षेप आजही तपासून न पाहताच मांडले जातात.

पहिला आक्षेप सत्तेच्या पायावरच आहे. १९५१ मध्ये मजूर पक्षाला सुमारे २ लाख ३० हजार मते जास्त मिळाली, तरी जागा हुजुरांना ३२१ आणि मजुरांना २९५ मिळाल्या. आकडे खरे आहेत. मात्र उत्तर आयर्लंडमधल्या हुजुरांच्या मित्रपक्षाच्या चार जागा बिनविरोध आल्या होत्या, त्यामुळे तिथली मते मोजणीत आलीच नाहीत. शिवाय मजूर पक्षाची मते त्याच्या बालेकिल्ल्यांत प्रचंड मताधिक्याने साचली होती. पुढच्या दोन निवडणुकांत तर हा प्रश्नच उरला नाही. १९५५ आणि १९५९ मध्ये हुजुरांना ४९ टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि १९५९ मध्ये बहुमत १०० जागांवर गेले.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज कल्याणकारी राज्याविषयीचा आहे. मजूर पक्षाने १९४८ मध्ये उभी केलेली राष्ट्रीय आरोग्यसेवा हुजूर पक्ष मोडणार, अशी भीती तेव्हा घातली गेली आणि त्या पक्षाने ती निदान खिळखिळी तरी केली, असे नंतर मानले गेले. प्रत्यक्षात आरोग्यसेवेवर पहिले शुल्क लावले ते मजूर सरकारने. एप्रिल १९५१ च्या अंदाजपत्रकात दातांच्या कवळ्या आणि चष्मे यांसाठी रुग्णांकडून पैसे घेण्याचे ठरले, आणि त्या वादातून ही सेवा उभारणारे अन्यूरिन बेव्हन यांनीच राजीनामा दिला. हुजुरांनी १९५२ मध्ये औषधाच्या चिठ्ठीमागे एक शिलिंग शुल्क सुरू केले, हेही खरे. त्यासाठीची कायद्यातली तरतूद मात्र १९४९ ची, म्हणजे मजूर सरकारचीच होती. १९५३ मध्ये सरकारने अर्थशास्त्रज्ञ क्लॉड गिलबो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खर्च कुठे कापता येईल ते शोधणे, हा तिचा हेतू होता. आरोग्यसेवेत उधळपट्टी नाही, उलट राष्ट्रीय उत्पन्नातला तिचा वाटा घटला आहे आणि मोठ्या बदलाची गरज नाही, असा निष्कर्ष समितीने १९५६ मध्ये काढला. स्वतःच्या अपेक्षेविरुद्ध गेलेला हा अहवाल सरकारने गुंडाळून ठेवला नाही. सेवेची चौकट तशीच राखली. १९६२ मध्ये आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी ९० नवी रुग्णालये बांधण्याची योजना जाहीर केली. एखाद्या पक्षाला विरोधकांची निर्मिती खरोखर मोडायची असेल, तर तो असे वागत नाही.

घरबांधणीत तर कामगिरी अधिकच ठळक आहे. वर्षाला तीन लाख घरे बांधण्याचे आश्वासन अनेकांना अशक्य वाटले होते. गृहनिर्माणमंत्री मॅकमिलन यांनी १९५३ मध्येच तो टप्पा ओलांडला, आणि त्या वर्षीची बहुतेक घरे नगरपालिकांनी भाड्याने देण्यासाठी बांधलेली होती. म्हणजे घरबांधणी फक्त ऐपतदारांसाठी झाली, हे म्हणणे टिकत नाही. घरांचा आकार मात्र आधीपेक्षा लहान करण्यात आला, ही टीका रास्त आहे.

सारे राष्ट्रीयीकरण उलटवले गेले, हा समजही चुकीचा आहे. पोलाद उद्योग आणि रस्तेवाहतुकीचा काही भाग १९५३ च्या कायद्यांनी खासगी क्षेत्राकडे परत गेला. कोळसा, रेल्वे, वीज आणि गॅस सरकारकडेच राहिले.

मॅकमिलन यांचे जुलै १९५७ मधले बेडफर्डचे भाषण आत्मसंतुष्टतेचा पुरावा म्हणून दाखवले जाते. देशातल्या बहुतेकांना इतके चांगले दिवस पूर्वी कधी आले नव्हते, या आशयाचे त्यातले वाक्य सर्वांच्या तोंडी आहे. ही भरभराट टिकेल का, भाववाढ आवरता येईल का, ही चिंता त्यांनी लगेच पुढे बोलून दाखवली होती. ती विसरली गेली. भरभराट खरी होती. मांसावरचे नियंत्रण जुलै १९५४ मध्ये उठले आणि युद्धकाळापासून चाललेले शिधावाटप संपले. बेकारीही बहुतेक वर्षे दोन टक्क्यांच्या आसपास राहिली. तथापि पश्चिम जर्मनीच्या तुलनेत वाढीचा वेग कमी होता, आणि १९६४ मध्ये परकीय व्यवहारातली तूट सुमारे ८० कोटी पौंडांवर गेली. या आक्षेपाला पुरेसे उत्तर नाही.

साम्राज्याच्या बाबतीत बचाव करताना अधिक काळजी घ्यावी लागते. १९५६ ची सुएझची मोहीम अन्याय्य होती आणि फसलीही. केनियातली दडपशाही आणि १९५९ मध्ये तिथल्या होला छावणीत मारहाणीने झालेले अकरा कैद्यांचे मृत्यू यांचे समर्थन होऊच शकत नाही. इनॉक पॉवेल यांनी सत्ताधारी बाकांवरूनच सरकारला त्याचा जाब विचारला होता. पण हुजूर पक्ष साम्राज्याला शेवटपर्यंत चिकटून बसला, हा सरसकट निष्कर्ष चुकतो. घाना आणि मलाया १९५७ मध्ये, नायजेरिया १९६० मध्ये, टांगानिका १९६१ मध्ये, जमैका आणि युगांडा १९६२ मध्ये, तर केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाले. हे सारे याच पक्षाच्या राजवटीत घडले. फेब्रुवारी १९६० मध्ये केपटाउनमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत, वर्णभेदी सरकारच्या समोर, आफ्रिकेतली राष्ट्रीय जागृती मान्य करावीच लागेल, असे मॅकमिलन यांनी बजावले. याच सरकारच्या १९६२ च्या कायद्याने भारतासह राष्ट्रकुलातल्या नागरिकांचा ब्रिटनमधला मुक्त प्रवेश बंद झाला, ही नोंदही भारतीय वाचकाने विसरू नये.

हा उमरावांचा पक्ष होता, हा आरोप १९६३ पर्यंत बराचसा खरा होता. नेता मतदानाने नव्हे, तर अंतर्गत सल्लामसलतीने ठरे, आणि त्याच पद्धतीने आलेल्या डग्लस-होम यांना पंतप्रधान झाल्यावर सरदारकी सोडावी लागली. १९६४ च्या पराभवानंतर पक्षाने नियम बदलले. जुलै १९६५ मध्ये खासदारांच्या मतदानाने निवडून आलेले पहिले नेते एडवर्ड हीथ हे एका सुताराचे पुत्र होते.