आठ ग्रॅम कागदाची गोधडी

प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीत पाऊल टाकलं की बरं वाटतं. २२ अंशांच्या आसपासचा एसी, स्वच्छ हवा. पण हे बरं वाटतं ते अंगात कोट चढवलेल्या माणसाला! वीस-पंचवीस ग्रॅमच्या उंदराला आरामात उबेत राहायला साधारण ३० अंश लागतात. जीव एवढासा, त्यामुळे वजनाच्या मानाने कातडी भरपूर. ऊब सारखी निसटत राहते. म्हणून त्याच्या दोन खांद्यांमधली तपकिरी चरबी शेगडीसारखी धगधगत असते आणि तिला सरपण पुरवायचं ते पोटातून. म्हणजे बिचारा खातो त्यातलं बरंचसं नुसतं कुडकुडू नये म्हणून.

मग खोलीच तापवावी? कोट, मास्क, हातमोजे घालून दिवसभर पिंजरे बदलणाऱ्यांना विचारून बघा. शिवाय उंदरालाही चोवीस तास एकच तापमान नको असतं. झोपताना ऊब हवी, धावपळीत गारवा.

यावरचा तोडगा उंदराच्या दातांतच आहे. पिंजऱ्यात कागदाच्या कुरळ्या पट्ट्या टाका. तो एकेक पट्टी ओढत कोपऱ्यात नेतो, मधोमध बसून गरागरा फिरतो, कडा वर सारत जातो आणि बघता बघता डोक्यावर घुमट उभा! ब्रियाना गॅस्किल आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांच्या काही जोड्यांना भुशाखेरीज फक्त ८ ग्रॅम घरट्याचं सामान दिलं होतं. सहा महिन्यांत दिसलं ते असं की नुसत्या भुशावरच्या जोड्यांपेक्षा दर मादीमागे दूध सुटेपर्यंत वाढलेली पिल्लं जास्त निघाली, दूध सुटताना त्यांचं वजनही जास्त भरलं आणि दर पिल्लामागे खाद्य कमी लागलं. वाचलेलं सरपण पिल्लांच्या अंगी लागलं असावं.

आता सफाई. प्रत्येक पिंजरा बदलायचा म्हणजे गरम पाणी, वाफ, वीज आणि भुसा कचऱ्यात. हवा खेळती ठेवणाऱ्या पिंजऱ्यांत मुताचा अमोनिया हळू साठतो, त्यामुळे आठवड्याऐवजी पंधरवड्याने बदललं तरी बहुधा भागतं. उंदरालाही तेच बरं. आपल्याला जी घाण वाटते तो त्याच्या घराचा पत्ता असतो. तो पुसला की नर एकमेकांवर तुटून पडतात. गंमत म्हणजे जुना मुतका भुसा नव्या पिंजऱ्यात टाकला तर मारामारी वाढते, जुनं घरटं नेलं तर कमी होते. म्हणून जाणते कर्मचारी कालचं विस्कटलेलं घरटं तसंच ओंजळीत उचलून स्वच्छ पिंजऱ्यात ठेवतात. कधीकधी आत पिल्लं झोपलेलीच असतात.