खिडकीशी चौदा वर्षे

छायाचित्रकाराने दूरदूर हिंडावे, अपूर्व दृश्ये गाठावीत आणि ती निसटण्याआधी टिपावीत, अशी छायाचित्रणाविषयीची सर्वसाधारण धारणा असते; तिच्यामुळे या कलेची दुसरी, काहीशी घरकोंबडी परंपरा झाकली जाते. त्या परंपरेत छायाचित्रकार एका जागी थांबतो आणि बदलण्याचे काम ऋतू, हवा व उजेड यांच्यावर सोपवतो. प्राग येथील चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक (१८९६–१९७६) यांनी १९४० ते १९५४ या काळात स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीवर जी छायाचित्रमालिका घडवली, ती या परंपरेतील सर्वांत चिवट कामगिऱ्यांपैकी एक मानावी लागते.

कोलीन या गावी जन्मलेले सुदेक मुळात पुस्तकबांधणीचे काम शिकलेले होते. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर झालेल्या जखमेमुळे त्यांचा उजवा हात खांद्यापासून काढावा लागला, बांधणीचा व्यवसाय अशक्य झाला आणि आधी छंद म्हणून हाती घेतलेला कॅमेरा उपजीविकेचे साधन बनला. एका हाताने जड लाकडी कॅमेरा तिवईवर चढवायचा, प्रसंगी एखादी वस्तू दातांत धरायची, मग नेम साधायचा, अशी त्यांची कार्यपद्धती असल्यामुळे झटपट छायाचित्र घेणे हा प्रकार त्यांच्या वाट्याला फारसा आलाच नाही. त्यांच्या चित्रांतील संथपणाचे सारे श्रेय या अपंगत्वाला देण्याचा मोह टीकाकारांना होतो. तो टाळलेला बरा, कारण एक हात गमावलेला प्रत्येक मनुष्य चौदा वर्षे खिडकीकडे पाहत बसत नाही.

हा स्टुडिओ म्हणजे प्रागच्या माला स्त्राना भागात, ऊयेज्द रस्त्यावरील घरांमागच्या अंगणातील एक लहानशी लाकडी वास्तू होती. बाहेर वेड्यावाकड्या खोडाचे एक झाड, पलीकडे शेजारच्या इमारती, आत खिडकीच्या कट्ट्यावर एखादा पेला किंवा फुलदाणीत एकच फूल, एवढेच या मालिकेचे साहित्य आहे. तिचा खरा नायक मात्र काच आहे. गरम चहावर वाकताच चष्म्यावर जसे धुके धरते, तसे थंडीच्या दिवसांत खोलीतील उबदार हवेचे बाष्प गार काचेवर जमते, त्याचे थेंब होतात, थेंब ओघळतात आणि प्रत्येक थेंब इवल्याशा भिंगासारखा बाहेरच्या उजेडाला वळवतो. परिणामी तेच झाड एका चित्रात धूसर सावली होते, दुसऱ्यात ओल्या रेघांमधून तुकड्यातुकड्यांनी दिसते, तर तिसऱ्यात काचेवरील बर्फाच्या नक्षीमागे जवळजवळ नाहीसे होते.

काचेशी त्यांचा परिचय जुना होता. १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी जाहिरातींसाठी छायाचित्रे काढली होती आणि त्यांत लाडिस्लाव सुत्नार या रचनाकाराने आखलेली काचेची व चिनी मातीची भांडीही होती. पारदर्शक वस्तूची कड उजेडात कशी उमटते, हे ज्ञान पोटापाण्याच्या कामातून आले आणि पुढे पाण्याचा पेला, अंडे, पावाचा तुकडा अशा साध्या वस्तूंच्या स्थिरचित्रांत, म्हणजे मांडून ठेवलेल्या निर्जीव वस्तूंच्या चित्रांत, मुरले. सर्जनशील काम आणि पोटाचे काम यांच्यात भिंत घालणाऱ्यांनी हा प्रवास जरूर तपासावा.

खिडकीची मालिका सुरू झाली त्याच सुमारास त्यांनी घेतलेला तांत्रिक निर्णयही तितकाच महत्त्वाचा आहे. फ्रान्समधील शार्त्र येथील एका शिल्पाचा जुना, मोठ्या आकाराचा कॉन्टॅक्ट प्रिंट १९४० मध्ये त्यांच्या पाहण्यात आला. कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून, कोणतेही वर्धन न करता काढलेली प्रत. तिचा आकार निगेटिव्हएवढाच राहतो, पण करड्या रंगाच्या अतिसूक्ष्म छटा त्यात शाबूत राहतात. तेव्हापासून सुदेक यांनी आपल्या कामात निगेटिव्ह मोठे करून छापणे सोडले. प्रतीचा आकार आधीच ठरलेला असल्यामुळे चौकटीत काय घ्यायचे याचा विचार शटर उघडण्यापूर्वीच पुरा करावा लागे, नंतर सावरून घेण्याची सोय उरत नसे. आणि ज्याला काचेवरचा दमटपणा दाखवायचा आहे, त्याला आकारापेक्षा छटांची गरज अधिक होती.

या घरबसलेपणाला काळाचीही किनार होती. मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्याने प्राग व्यापले आणि मोठा कॅमेरा व तिवई घेऊन उघड्यावर उभे राहणे जोखमीचे झाले, तेव्हा खिडकी ही काही अंशी सक्तीने आलेली मर्यादा होती. तथापि १९४५ मध्ये युद्ध संपले, रस्ते मोकळे झाले, सुदेक पुन्हा शहरभर हिंडू लागले, एका जुन्या पॅनोरमा कॅमेऱ्याने, म्हणजे अतिरुंद पट्टीत दृश्य टिपणाऱ्या यंत्राने, त्यांनी प्रागचे पुस्तक सिद्ध केले (१९५९), आणि तरीही खिडकीचे काम युद्धानंतर आणखी नऊ वर्षे चालूच राहिले. सक्ती केव्हा संपली आणि आवड केव्हा सुरू झाली, याची खूण त्या चित्रांत सापडत नाही.

मूळ स्टुडिओ १९८५ मध्ये आगीत नष्ट झाला. २००० मध्ये त्याच जागी त्याची प्रतिकृती उभी राहिली आणि आता तेथे छायाचित्रांची प्रदर्शने भरतात.