शिशाचा छरा की पोलादाचा?

विद्यार्थी मित्रांनो, एक प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारतो. सारख्याच आकाराचे दोन गोल छरे घेतले, एक शिशाचा आणि एक पोलादाचा. दोन्ही एकाच वेगाने एकाच दिशेने सोडले, तर लांब कोणता जाईल? निम्मा वर्ग लगेच उत्तर देतो, "दोन्ही सारखेच, सर. गॅलिलिओने सांगितले आहे." गॅलिलिओचे म्हणणे खरे आहे, पण ते हवेचा अडथळा नसताना. हवा मध्ये आली की उत्तर बदलते. या बदललेल्या उत्तरावरून अमेरिकेत शिकारी आणि शास्त्रज्ञ यांच्यात अनेक वर्षे वाद चालला होता.

अमेरिकेच्या मधोमध मिसिसिपी नदीचे विशाल खोरे आहे. शरद ऋतूत थंडी पडू लागली की उत्तरेकडील बदकांचे थवेच्या थवे या खोर्‍यातून दक्षिणेकडे जातात. तेथे परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत व ठरलेल्या संख्येपर्यंत बदकांची शिकार करण्यास कायद्याची मुभा आहे. या शिकारीची बंदूक गोळीची नसते, छर्‍यांची असते. उडत्या पक्ष्याला एकच गोळी लागणे कठीण. म्हणून काडतुसात शंभर-दोनशे बारीक छरे भरलेले असतात. बार उडाला की त्यांचा पुंजका पसरत जातो आणि त्यांतील पाच-सहा छरे पक्ष्याला लागतात.

हे छरे पूर्वी शिशाचेच असत, आणि त्याला कारणेही सबळ होती. शिसे स्वस्त, जड आणि मऊ. शिवाय ते ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळते. १७८२ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल गावच्या विल्यम वॉट्स याने छरे पाडण्याच्या एका युक्तीचे पेटंट घेतले. वितळलेले शिसे उंच मनोर्‍यावरून चाळणीतून ओतायचे. खाली येताना पृष्ठताणामुळे प्रत्येक थेंब गोल होतो, हवेत थिजू लागतो आणि खालच्या पाण्याच्या हौदात पडून घट्ट होतो. पावसाच्या बारीक थेंबाला जो नियम गोल करतो, त्याच नियमाने शिशाचे छरे घडत.

मग बिघडले कोठे? हिशोब करून पाहा. दीडशे छर्‍यांपैकी पाच-सहा पक्ष्याला लागले, तर उरलेले सगळे तळ्यात पडणार. एकाच दलदलीत वर्षानुवर्षे शिकार चालली, तर तळाच्या चिखलात छर्‍यांची पेरणीच होते. बदकाला दात नसतात. धान्य व बिया दळण्यासाठी ते बारीक खडे गिळते. हे खडे पेषणी नावाच्या जाड स्नायूंच्या पिशवीत राहतात आणि जात्याचे काम करतात. चिखलातला छरा बदकाला खड्यासारखा किंवा दाण्यासारखाच वाटतो. तो पेषणीत गेला की एकीकडून खडे त्याला घासतात आणि दुसरीकडून जठरातील आम्ल त्याला विरघळवते. शिसे रक्तात उतरते. रक्तातील हिमोग्लोबिन तयार करणार्‍या विकराचे काम ते बंद पाडते, तसेच मज्जातंतूंनाही इजा करते. पेषणीचे स्नायू लुळे पडतात. अन्न पुढे सरकत नाही, पंख खाली लोंबतात आणि दोन-तीन आठवड्यांत पक्षी उपासमारीने मरतो. काही वेळा एवढ्यासाठी एकच छरा पुरतो. असे अर्धमेले बदक गरुडाने खाल्ले, तर विष गरुडाच्या पोटात जाते. अमेरिकेचे मानचिन्ह असलेला पांढर्‍या डोक्याचा गरुडही यातून सुटला नाही.

इलिनॉय राज्यातील पक्षितज्ज्ञ फ्रँक बेलरोज यांनी १९५९ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांपैकी दरसाल दोन ते तीन टक्के पक्षी शिशाच्या विषबाधेने मरत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. लक्षात घ्या, या पक्ष्यांवर कोणी नेम धरलेला नव्हता.

शिशाला पर्याय म्हणून पोलादाचे छरे पुढे आले. त्यांना पोलाद म्हणत असले, तरी ते अगदी कमी कार्बन असलेले मऊ लोखंडच असते. ते मनोर्‍यावरून थेंबांच्या रूपाने पाडत नाहीत. तारेचे तुकडे करून, बेअरिंगच्या गोळ्यांप्रमाणे, ते दाबून व घोळवून गोल करतात. लोखंड पेषणीत झिजले, तरी पक्ष्याला विष होत नाही. परंतु अनेक शिकार्‍यांनी कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे असे : "पोलाद हलके. त्याने पक्षी जागीच मरणार नाही. जखमी होऊन उडून जाईल आणि लव्हाळ्यात तडफडत मरेल. तुम्ही वाचवाल त्याहून अधिक पक्षी असे मरतील." हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर पदार्थविज्ञानाकडेच मागायला हवे.

हवेचा रोध छर्‍याच्या समोरच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. रोधाला न जुमानता पुढे जाण्याची छर्‍याची क्षमता, म्हणजे त्याचे वस्तुमान, हे व्यासाचा घन आणि घनता यांवर अवलंबून असते. रोधाला वस्तुमानाने भागले की वेग किती झपाट्याने घटेल ते कळते. या भागाकारात व्यासाचा वर्ग घनाला छेदतो आणि खाली उरतो फक्त व्यास गुणिले घनता. हा गुणाकार जितका मोठा, तितका छरा आपला वेग अधिक काळ टिकवतो.

शिशाची घनता घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, तर लोखंडाची ७.८६ ग्रॅम. म्हणजे सारख्या आकाराचा पोलादी छरा शिशाच्या छर्‍यापेक्षा तीस टक्क्यांनी हलका. घनता आपल्या हातात नाही. मग हातात काय उरते? व्यास आणि सुरुवातीचा वेग.

अमेरिकेत छर्‍यांना क्रमांक असतात. १७ मधून क्रमांक वजा करा, म्हणजे व्यास इंचाच्या शंभराव्या भागांत मिळतो. क्रमांक ४ चा छरा ०.१३ इंच, म्हणजे ३.३ मिलिमीटर. क्रमांक २ चा ०.१५ इंच, म्हणजे ३.८ मिलिमीटर. क्रमांक लहान तितका छरा मोठा! तेथील शिकार्‍यांमध्ये एक ठोकताळा आहे : शिशावरून पोलादावर जाताना दोन क्रमांक मोठा छरा घ्या. तो कोठून आला, ते पाहू.

पुढील आकडे मी ढोबळ गणिताने काढले आहेत. शिशाचा आरंभीचा वेग सेकंदाला ४०० मीटर आणि पोलादाचा ४२५ मीटर धरला आहे. कारण पोलादी काडतुसे मुद्दाम अधिक वेगाची बनवतात. रोधाचा गुणांक सर्वत्र ०.७ घेतला आहे. प्रत्येक काडतुसात ३२ ग्रॅम छरे आहेत असे समजा. वेग व ऊर्जा ३५ मीटर अंतरावरील आहेत.

शिसे, क्रमांक ४ : छरे १५०, वेग २२० मीटर, प्रत्येकाची ऊर्जा ५.१ जूल.
पोलाद, क्रमांक ४ : छरे २१५, वेग १८० मीटर, ऊर्जा २.४ जूल.
पोलाद, क्रमांक २ : छरे १४०, वेग २०५ मीटर, ऊर्जा ४.८ जूल.
पोलाद, बीबी (व्यास ४.६ मि.मी.) : छरे ८०, वेग २३० मीटर, ऊर्जा १०.४ जूल.

आता ठोकताळ्याचे मर्म उलगडते. शिशाच्या ४ क्रमांकाचा छरा ०.२१ ग्रॅमचा, पोलादाच्या २ क्रमांकाचा ०.२३ ग्रॅमचा. म्हणजे दोन क्रमांक वर गेल्याने वस्तुमानाची भरपाई होते आणि छर्‍यांची संख्याही जवळजवळ तेवढीच राहते. उलट, जुन्या सवयीने पोलादाचा ४ क्रमांकच घेतला, तर छरे पुष्कळ मिळतात; पण प्रत्येकाची ऊर्जा निम्म्याहूनही कमी. दूरचा पक्षी जखमी करून सोडण्याचा हा खात्रीचा मार्ग. बीबी घ्यावा, तर प्रत्येक छरा जोरकस, पण संख्या इतकी थोडी की पुंजक्यातील मोकळ्या जागेतून बदक सुटून जावे. म्हणून बीबी मोठ्या हंसांसाठी वापरतात.

पण भरपाई पुरी झाली का? नाही. मोठ्या व्यासाच्या छर्‍याला पिसे व मांस भेदताना भोकही मोठे पाडावे लागते. म्हणून ऊर्जेला समोरच्या क्षेत्रफळाने भागून पाहा. ३५ मीटरवर शिशाच्या ४ क्रमांकाला दर चौरस मिलिमीटरमागे ०.६ जूल मिळतात, पोलादाच्या २ क्रमांकाला ०.४२ जूल. शिशाइतकीच भेदकता हवी असेल, तर पोलादी छरा सुमारे २५ मीटरवरून सोडावा लागेल. बदकासाठी नेहमीच एवढी भेदकता लागते असे नाही. पण लांबचा बार टाळायलाच हवा. घनतेत गमावले ते सगळे काडतुसात भरून काढता येत नाही. उरलेले शिकार्‍याच्या संयमाने भरून काढावे लागते. पक्षी जवळ येईपर्यंत थांबणे, हाच तो संयम.

पोलादाच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. शिसे मऊ असल्याने बार उडताना छरे एकमेकांवर दाबले जाऊन चपटतात आणि चपटे छरे वाट सोडून भरकटतात. पोलादी छरे गोलच राहतात, त्यामुळे पुंजका अधिक एकसंध राहतो. मात्र हाच कठीणपणा नळीला ओरखडे पाडू शकतो. म्हणून काडतुसात छर्‍यांभोवती जाड प्लॅस्टिकची वाटी असते आणि नळीचे तोंड फार आवळलेले चालत नाही. पातळ नळीच्या जुन्या बंदुकांत तर पोलादी छरे वापरूच नयेत, असे सांगतात.

अखेर १९९१ साली अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांवर देशभर बंदी घातली. परिणाम काय झाला? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की मिसिसिपी मार्गावरील मॅलार्ड जातीच्या बदकांचे विषबाधेने होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी घटले आणि एकट्या १९९७ च्या हंगामात उत्तर अमेरिकेत सुमारे १४ लाख बदके वाचली. पुढे १९९९ मध्ये कॅनडाने देशभर अशीच बंदी केली, तर २०२३ पासून युरोपीय संघाच्या पाणथळ प्रदेशांतही शिशाचे छरे वापरता येत नाहीत. बिस्मथ आणि टंगस्टन यांचे मिश्रधातूही आता छर्‍यांसाठी वापरतात. टंगस्टनचे काही मिश्रधातू तर शिशापेक्षाही जड आहेत. पण ते फार महाग पडतात.

आपल्या देशात वन्य पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा काडतूस निवडण्याचा प्रश्न आपल्यापुढे येत नाही. परंतु हिवाळ्यात उजनीच्या किंवा जायकवाडीच्या जलाशयावर गेलात, तर तलवार बदक आणि थापट्या यांचे थवे जरूर पाहा. हजारो किलोमीटर उडून आलेले हे पाहुणेही तळाचे खडे असेच गिळतात. पाण्याच्या तळाशी आपण काय टाकतो याला महत्त्व आहे, ते त्यांच्यासाठीही.

जाता जाता एक गणित. बिस्मथच्या मिश्रधातूची घनता घनसेंटिमीटरला ९.६ ग्रॅम धरा. शिशाच्या ४ क्रमांकाच्या छर्‍याइतकेच वस्तुमान हवे असेल, तर बिस्मथचा छरा किती व्यासाचा घ्यावा लागेल? त्याला सर्वांत जवळचा क्रमांक कोणता? उत्तर ३ आले, तर तुमचे गणित बरोबर आहे.