फ्रीज पुसला, आता भरायचा कशाने?

आपल्या वस्त्यांमध्ये आता बऱ्याच घरांत फ्रीज आहे. कुणी हप्त्यावर घेतलेला, कुणी सेकंडहँड. एका दाराचा, वर बर्फाचा कप्पा, खाली भाजीचा ट्रे. आम्ही घरोघरी फिरतो तेव्हा आयाबायांना विचारून तो उघडून पाहतो. आत बहुतेक तेच असते: पाण्याच्या बाटल्या, कालची डाळ, मळलेली कणीक, कोल्ड्रिंकची अर्धी बाटली आणि तळाशी काळी पडलेली कोथिंबीर. बटण बंद करून बर्फ वितळू द्यावा, सुरीने खरवडू नये. कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून आतून पुसावे, दाराचे रबर घासावे, कोरडे करावे. फ्रीज असा रिकामा असतानाच ठरवावे की आता आत काय जाईल. या वेळी डोळ्यांचा विचार करून भरू या.

डोळे म्हटले की सगळे गाजर म्हणतात. गाजर चांगलेच, पण ते थंडीत स्वस्त, एरवी परवडत नाही. डोळ्यांना हवे असते जीवनसत्त्व अ. अंधुक उजेडात दिसण्यासाठी डोळ्याच्या पडद्याला ते लागते आणि बुबुळ ओलसर, निरोगी राहायलाही लागते. ते कमी पडले की मूल आधी संध्याकाळी चाचपडू लागते, ताटलीतले दिसत नाही, दिवे लागणीला खेळ सोडून आईजवळ बसते. यालाच रातांधळेपणा म्हणतात. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग येतो. तरीही दुर्लक्ष झाले, त्यातच गोवर किंवा जुलाब झाले, तर बुबुळ मऊ पडून कायमचे आंधळेपण येते. आधीचे टप्पे उपचाराने बरे होतात, हा शेवटचा होत नाही.

हे जीवनसत्त्व दोन वाटांनी मिळते. अंडे, दूध, काळीज, मासळी यांत ते तयार असते. पालेभाज्या आणि पिवळ्या-केशरी फळभाज्यांत त्याचा कच्चा माल असतो, शरीर त्यापासून ते बनवते. म्हणून भाजीच्या ट्रेमध्ये पाला हवा: माठ, तांदुळजा, पालक, मेथी, चुका, शेवग्याचा पाला. शेवगा तर कित्येक वस्त्यांत नाल्याकाठी उभा असतो, आपण शेंगा घेतो आणि पाला सोडतो. तो धुऊन, चिरून डाळीत घाला. सोबत लाल भोपळा, ज्याला कुणी डांगर म्हणतात, आणि उन्हाळ्यात पिकलेला आंबा, एरवी पपई. रताळे घेताना आतून केशरी निघाले तर उत्तम, पांढऱ्यात हे जवळजवळ नसते. आणि फोडणीला चमचाभर तेल हवेच. तेलाशिवाय उकडलेल्या पाल्यातले हे सत्त्व शरीरात फार कमी उतरते.

पाल्यात आणि अंड्याच्या पिवळ्या बलकात ल्युटीन नावाचा आणखी एक पदार्थ असतो. तो डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागात साठतो आणि प्रखर उजेडाचा मारा झेलतो. म्हणून बलक बाजूला काढून फेकू नका.

काळीज म्हणजे जीवनसत्त्व अ चे कोठारच. बकऱ्याचे किंवा कोंबडीचे, आठवड्यातून एकदा, थोडेसे पुरे. ते खाण्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त गरोदर बाईने काळीज वारंवार खाऊ नये आणि जीवनसत्त्व अ च्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, जास्त झाल्यास बाळाला धोका असतो. तारली, बांगडा ही स्वस्त मासळी पडद्यासाठी चांगली.

आता ठेवण्याचे. मासळी-मटण झाकणाच्या डब्यात, बर्फाच्या कप्प्यात किंवा शिजलेल्या अन्नाच्या खाली, म्हणजे त्याचे पाणी त्यावर गळणार नाही. पालेभाजी निवडावी, न धुता कागदात किंवा सुती फडक्यात गुंडाळावी, दोन-तीन दिवसांत संपवावी. धुऊन ठेवली की सडते. अंडी दारात नको, आतल्या फळीवर ठेवा, दाराची जागा उघडझाप करून गरम होत राहते. कापलेली पपई झाकून ठेवा. कांदा-बटाटा बाहेरच. वीज गेली तर दार उघडू नका, बंद फ्रीजमधले अन्न साधारण 4 तास टिकते. त्यानंतर मासळी-मटण, दूध आणि शिजलेले अन्न ठेवू नका.

एक गोष्ट आम्ही सगळीकडे पाहिली. अंडी मोजून ठेवतात आणि ती बापाच्या, मुलाच्या ताटात जातात. उरले तर मुलीला, आईला बहुतेक उरतच नाही. रातांधळेपणा बाळंतिणीलाही होतो, तेव्हा अंडी वाटताना तिची आधी मोजा.

भाजीच्या बाबतीत खोटी आशा दाखवायला आम्ही तयार नाही. चष्म्याचा नंबर पालक खाऊन उतरत नाही. मोतीबिंदू झाला तर ऑपरेशनच करावे लागते. ‘नजर वाढवणारी’ पावडर विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, तेवढ्या पैशांत महिन्याची अंडी येतात. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी कोल्ड्रिंक फ्रीजमध्ये आणूच नये, आंबा-पपई बेताने खावी आणि वर्षातून एकदा औषध घालून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. दिसण्यात फरक नसला तरी.

मुलांसाठी सरकारी डोस चुकवू नका. 9 महिने पूर्ण झाल्यावर गोवराच्या लसीबरोबर 1 लाख युनिट, पुढे दीड वर्षाच्या आसपास आणि मग दर 6 महिन्यांनी 5 वर्षांपर्यंत 2 लाख युनिट, असे एकूण 9 डोस. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात फुकट मिळतात. कार्डावर तारखा लिहून घ्या आणि मेडिकलमधून तेच सरबत वरून आणून पाजू नका. मूल संध्याकाळी अडखळत असेल किंवा डोळ्यात फेसासारखा डाग दिसला, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या.